सॅलडच्या पानांतलं सत्त्व टिकवायचं कसं: निवडण्यापासून तेल घालेपर्यंत

पान ताजं आहे, हिरवंगार आहे, स्वच्छ धुतलेलं आहे. तरीही त्यातलं जे हवं ते शरीराला मिळेलच असं नाही. सॅलडच्या पानांमधले उपयोगी वनस्पतिजन्य घटक तीन निरनिराळ्या स्वभावांचे असतात आणि प्रत्येकाची मागणी वेगळी असते. ल्युटीन, झियाझँथिन, बीटा-कॅरोटीन आणि क्लोरोफिलच्या शेजारी बसलेलं के जीवनसत्त्व हे तेलात विरघळणारे. जेवणात स्निग्ध पदार्थ नसेल तर ते आतड्यातून तसेच पुढे निघून जातात. क जीवनसत्त्व, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) आणि बरीचशी फेनॉलिक द्रव्यं पाण्यात विरघळणारी. चिरलेलं पान पाण्यात बुडवून ठेवलं की ती पाण्याबरोबर मोरीत जातात. तिसरा प्रकार सगळ्यात गमतीचा. तो अखंड पानात नसतोच. पान चिरलं किंवा चावलं गेलं की त्या क्षणी तयार होतो. अरुगुला, वॉटरक्रेस, मोहरीची कोवळी पानं आणि केल यांचा झणझणीतपणा तो हाच.

कोणतं पान कुठल्या गटात बसतं हे कळलं की पुढचं प्रत्येक काम कोणत्या क्रमानं करायचं ते आपोआप ठरतं.

पान निवडताना

पहिली खूण रंगाची. कॅरोटिनॉइड्स, म्हणजे ल्युटीन, झियाझँथिन, बीटा-कॅरोटीन ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं, हरितकणांत असतात आणि हरितकण उजेडात वाढलेल्या पानात जास्त. त्यामुळे घट्ट गड्ड्याच्या आत, अंधारात वाढलेलं फिकट पान आणि उघड्यावर वाढलेलं गडद पान यांत फार मोठा फरक पडतो. लांब, गडद पानांच्या १०० ग्रॅम रोमेन लेट्यूसमध्ये सुमारे ५,२०० मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन असतं, घट्ट गड्ड्याच्या आइसबर्ग लेट्यूसमध्ये जेमतेम ३००. ल्युटीन आणि झियाझँथिन मिळून रोमेनमध्ये २.३ मिलीग्रॅम, आइसबर्गमध्ये ०.३च्या आसपास, आणि कच्च्या पालकात तब्बल १२ मिलीग्रॅम. फोलेटचंही तेच: पालकात १९४ मायक्रोग्रॅम, रोमेनमध्ये १३६, आइसबर्गमध्ये २९. प्रौढ माणसाची रोजची फोलेटची गरज ४०० मायक्रोग्रॅम धरली जाते, म्हणजे भांडंभर पालक किंवा रोमेन खाल्लं तर त्यातला मोठा वाटा भरून निघतो. आइसबर्ग कुरकुरीत असतो, पाणीदार असतो, खायला छान लागतो. पण सॅलड तब्येतीसाठी खायचं असेल तर तो चवीपुरता घ्यावा, मुख्य पान म्हणून नाही.

यातूनच एक चूक लक्षात येते. गड्ड्याची बाहेरची पानं जरा जून, जरा फाटलेली दिसतात म्हणून चार-पाच सरळ काढून टाकली जातात. सगळ्यात जास्त ऊन खाल्लेली पानं हीच असतात. कुजलेला, बुळबुळीत किंवा चिखलानं माखलेला भाग तेवढा कापून टाका, बाकीचं पान ठेवा. जाड मधली शीर नको असेल तर काढा. रंगद्रव्यं मुख्यतः पात्यात असतात, शिरेत नाहीत.

लाल किंवा जांभळट कडा असलेलं लेट्यूस दिसलं तर आवर्जून घ्या. त्या लालीमागे अँथोसायनिन असतात आणि त्यांच्या जोडीनं क्वेर्सेटिनसारखी फ्लेव्होनॉइड्सही सहसा हिरव्या जातींपेक्षा जास्त मिळतात. ही द्रव्यं म्हणजे पानाचं उन्हापासूनचं संरक्षण. अतिनील किरण, गार हवा आणि भरपूर उजेड यांत ती वाढतात. म्हणूनच काचेच्या घरात वाढवलेल्या लाल लेट्यूसचा रंग बऱ्याचदा फिका राहतो: साधी काच त्या किरणांचा मोठा भाग अडवते.

दुसरी खूण चवीची. लेट्यूसचा देठ ताजा कापला की कापलेल्या जागी दुधासारखा पांढरा चीक टपकन येतो. तो बोटाला लावून जिभेवर टेकवा: कडवट लागेल. लॅक्टुसिन आणि लॅक्टुकोपिक्रिन या सेस्क्विटर्पीन लॅक्टोनांचा तो कडवटपणा. चिकोरी, रॅडिकिओ, एन्डाइव्ह यांच्या कडवटपणामागेही याच कुळातली द्रव्यं असतात. रोप उन्हाळ्यात तापलं किंवा फुलावर आलं की ती वाढतात, म्हणून तुऱ्यावर आलेलं लेट्यूस कडू होतं. कडू पान खराब असतं असं मुळीच नाही, पण एकाच भांड्यात सगळीच कडू पानं घातली तर माणूस चार घास खाऊन थांबतो, आणि न खाल्लेल्या पानाचा उपयोग शून्य. चार भाग सौम्य पानाला एक भाग कडू आणि एक भाग झणझणीत, हे प्रमाण बहुतेकांना झेपतं.

घोळीचं पान मिळालं तर मूठभर त्यात जरूर घाला. पालेभाज्यांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ गटातलं मेदाम्ल, इतक्या प्रमाणात क्वचितच सापडतं. मात्र घोळीत ऑक्झलेटही भरपूर असतं, त्याबद्दल पुढे.

साठवण: थंडी, ओल आणि दिवस

पानं तोडली तरी ती श्वास घेत असतात, आणि तो श्वास त्यांच्याच साठ्यावर चालतो. जितकं गरम, तितका खर्च जास्त. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात पाकीटबंद पालकावर झालेल्या अभ्यासात फोलेट निम्म्याच्या जवळ यायला ४ अंश सेल्सिअसला ८ दिवस लागले, १० अंशांना ६ आणि २० अंशांना फक्त ४. म्हणजे फ्रिजमध्ये ठेवूनही आठवड्याभरात निम्मं गेलेलं असतं, पान दिसायला टवटवीत असलं तरी. त्यामुळे आठवड्याची पानं एकदम आणण्यापेक्षा तीन दिवसांची आणणं चांगलं. पालकासारखं फोलेटचं पान आधी संपवावं. गड्ड्याचं लेट्यूस अखंड असल्यामुळे जास्त टिकतं, ते नंतर.

पानांना सर्वात मानवतं ० ते ४ अंश तापमान आणि जवळजवळ संपृक्त ओलसर हवा. पण ओलसर हवा वेगळी आणि पानावर साचलेलं पाणी वेगळं. पानावर पाण्याचा थर राहिला की तिथे जिवाणू वाढतात आणि दोन दिवसांत पान बुळबुळीत होतं. यावर साधा उपाय असा:

१. झाकणाचा रुंद डबा घ्या, तळाशी कागदी टॉवेलची एक घडी ठेवा.
२. कोरडी पानं सैलसर भरा, दाबू नका. डबा तीन चतुर्थांशच भरा.
३. वर आणखी एक कागद ठेवून झाकण लावा आणि डबा खालच्या खणात ठेवा.
४. कागद ओला लागला की बदला. कागद ठणठणीत कोरडा झाला आणि पानं मलूल दिसू लागली तर कागदावर पाण्याचे दोन-चार शिंतोडे मारा.

बऱ्याच फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला टेकलेलं पान गोठतं. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, आणि वितळल्यावर तिथे काळपट हिरवा, ओला, काचेसारखा पारदर्शक डाग दिसतो. ते पान त्याच दिवशी शिजवून टाका. सॅलडमध्ये ते लगदा होतं. सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो हे पानांच्या खणात ठेवू नका. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं लेट्यूसच्या शिरांवर गंजासारखे तपकिरी ठिपके उठतात.

पारदर्शक पाकिटातला पालक घेताना आणखी एक गोष्ट कामी येते. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं की ४ अंशांवर पण सतत उजेडात ठेवलेल्या पालकात अंधारात ठेवलेल्यापेक्षा क, के जीवनसत्त्वं, फोलेट आणि कॅरोटिनॉइड्स जास्त राहिले, कारण पान तोडल्यावरही प्रकाशसंश्लेषण चालू राहतं. तेव्हा तारीख सारखीच असेल तर उजेडातलं पाकीट उचलायला हरकत नाही. मात्र उजेडात पान लवकर सुकतं, तेवढं पाहून घ्या.

धुणं: आधी धुवा, मग चिरा

हा क्रम उलटा झाला की नुकसान ठरलेलं. अखंड पानावर मेणाचं पातळ आवरण असतं, त्यातून फारसं काही बाहेर जात नाही. चिरल्यावर मात्र प्रत्येक कापलेल्या कडेवर फुटलेल्या पेशी उघड्या पडतात आणि त्यांतलं क जीवनसत्त्व व फोलेट पाण्यात उतरू लागतं. चिरलेली पानं अर्धा तास बर्फाच्या पाण्यात घालून कुरकुरीत करण्याची पद्धत दिसायला छान. सत्त्वाच्या हिशेबानं ती टाळलेली बरी. कुरकुरीतपणा हवाच असेल तर अखंड पानं ५ ते १० मिनिटं गार पाण्यात ठेवा. पेशींत पाणी भरून ती ताठ होतात, आणि कडा बंद असल्यामुळे आतलं फारसं बाहेर येत नाही.

गड्डा असेल तर पानं सुटी करा, माती देठाच्या बुडाशी दडलेली असते. मोठ्या भांड्यात पाणी घेऊन पानं हलवा, माती खाली बसू द्या आणि पानं वरून उचलून घ्या. भांडं उलटं करून चाळणीत ओतलं तर बसलेली माती परत पानांवर येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीनदा हे करा आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली एकदा धरा. साबण किंवा डिटर्जंट वापरू नका. पान ते शोषतं. धुण्यानं जिवाणू कमी होतात, पण सगळे जात नाहीत. म्हणून गर्भवती आणि रोगप्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्तींनी कच्च्या पानांबाबत जास्त काळजी घ्यावी; पालक, केल ही पानं शिजवून खाणं त्यांच्यासाठी उत्तम. 'धुतलेलं, खाण्यास तयार' असं लिहिलेलं पाकीट पुन्हा धुण्याची गरज नसते. उलट घरच्या भांड्यातून, हातांतून नवे जिवाणू लागण्याची शक्यता वाढते.

मग वाळवणं. हे काम कंटाळ्यानं अर्धवट सोडलं जातं आणि पुढे सगळं बिघडतं. सॅलड स्पिनर असेल तर थोडी थोडी पानं घालून दोनदा फिरवा, मधे साचलेलं पाणी ओतून टाका. नसेल तर स्वच्छ कापडावर एकेरी थरात पसरून वर दुसरं कापड ठेवा आणि हलकेच गुंडाळा. वाळलं की नाही हे कळायची खूण: एक पान कोरड्या कागदावर ठेवून बोटानं दाबा. कागदावर पानाचा ओला ठसा उमटला तर अजून वाळवायचं आहे. ओल्या पानावर तेल घातलं तर ते थेंब थेंब होऊन ओघळतं आणि भांड्याच्या तळाशी जमतं. तेल तळाशी राहिलं म्हणजे ल्युटीनला लागणारं तेलही तळाशीच राहिलं.

चिरणं, आणि थांबायचं कधी

अरुगुला, वॉटरक्रेस, केल आणि मोहरीच्या पानांत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं पेशीत एका जागी असतात आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्या जागी. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट तयार होतात: सुरुवातीला सांगितलेला तिसरा प्रकार तो हाच. वॉटरक्रेसमध्ये ग्लुकोनॅस्टर्टिनपासून फिनेथिल आयसोथायोसायनेट बनतं, मोहरीत सिनिग्रिनपासून अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट. नाकात झिणझिणी आणणारं तेच. शरीरातल्या विषारी द्रव्यांचा निचरा करणाऱ्या विकरांना ही द्रव्यं चालना देतात, म्हणून त्यांच्यावर इतकं संशोधन होतं.

आता 'चिरून ४० मिनिटं थांबा' हा सल्ला सगळीकडे सरसकट दिला जातो. तो शिजवायच्या भाजीसाठी आहे. उष्णतेनं मायरोसिनेज निकामी होतं, म्हणून केल शिजवायचा असेल तर चिरून ३० ते ४० मिनिटं ठेवावा. विकराचं काम आधी होऊन जातं आणि मग उष्णता लागली तरी चालते. थांबायला वेळ नसेल तर शिजवून झाल्यावर, आचेवरून उतरवून जरा निवल्यावर, अर्धा चमचा कच्च्या मोहरीची पूड घाला. मोहरीतलं मायरोसिनेज उरलेलं काम करतं. कच्च्या सॅलडला मात्र थांबण्याची गरज नाही. विकर जिवंत आहे, दात ते काम करतातच. उलट चिरून ठेवलेल्या पानातलं क जीवनसत्त्व कमी होत जातं आणि उडून जाणारी झणझणीत द्रव्यं हवेत जातात. तेव्हा कच्चं खायचं असेल तर चिरा आणि लगेच वाढा. आणि नीट चावून खा. झणझणीत पान न चावता गिळलं तर आतली ही रासायनिक गाठभेट बरीचशी व्हायचीच राहते.

सुरी धारदार हवी. बोथट सुरीनं पान कापलं जात नाही, चिरडलं जातं, आणि कडेला रुंद पट्टा तपकिरी होतो. हा तपकिरी रंग कसा येतो ते समजून घेण्यासारखं आहे: जखम झाली की लेट्यूस नवी फेनॉलिक द्रव्यं बनवायला लागतं आणि पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं त्यांचं तपकिरी रंगद्रव्य करतं. गुलाबी-तपकिरी कड आलेलं पान विषारी नसतं, चव मात्र तुरट होते. कोवळी पानं हातानं तोडली तरी पुरे. केलसारखं चिवट पान मात्र अगदी बारीक, अर्धा सेंटीमीटरच्या पट्ट्यांत चिरावं आणि चिमूटभर मीठ व चमचाभर तेल घालून २-३ मिनिटं हातानं चोळावं. पेशीभित्ती जितकी मोडेल तितकं ल्युटीन बाहेर यायला सोपं.

तेल, आंबट आणि मीठ

आयोवा स्टेट विद्यापीठातल्या २००४च्या एका प्रयोगात तेच सॅलड तीन प्रकारच्या ड्रेसिंगसह दिलं गेलं: ० ग्रॅम, ६ ग्रॅम आणि २८ ग्रॅम तेल असलेलं. तेल नसलेल्या सॅलडमधून कॅरोटिनॉइड जवळजवळ शोषलेच गेले नाहीत. ६ ग्रॅमनं शोषले गेले, २८ ग्रॅमनं आणखी. वजन कमी करायचं म्हणून लिंबू पिळून कोरडं सॅलड खाणाऱ्यांचं नेमकं हेच नुकसान होतं: पान खाल्लं जातं, ल्युटीन निघून जातं. २८ ग्रॅम तेल रोज घालण्याची गरज नाही. एका माणसासाठी १०० ग्रॅम पानांना दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर तेल हा मध्यम मार्ग. त्याऐवजी अर्धं अ‍ॅव्होकॅडो, मूठभर अक्रोड किंवा एक-दोन उकडलेली अंडी (पिवळ्या बलकासकट) घातली तरी चालतं, फक्त ती सॅलडच्याच जेवणात हवीत. सकाळी सॅलड आणि रात्री तूप, याचा उपयोग नाही.

ड्रेसिंगसाठी: १० मिलिलिटर तेल, ५ मिलिलिटर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, पाव चमचा वाटलेली मोहरी, चिमूटभर मीठ. झाकणाच्या छोट्या बरणीत घालून २० सेकंद जोरात हलवा. मोहरीमुळे तेल आणि आंबट काही काळ एकजीव राहतं आणि पानावर पातळ थर बसतो. आंबटाचं आणखी एक काम आहे: क जीवनसत्त्व पानातलं लोह शोषायला मदत करतं, म्हणून पालक असेल तर लिंबू व्हिनेगरपेक्षा सरस.

वाढायच्या आधी दोन-तीन मिनिटंच कालवा. मीठ पेशींतून पाणी ओढतं, तेल पानाच्या मेणासारख्या आवरणातून आत शिरतं आणि पान गळून पडतं. त्यात आम्ल क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम काढून घेतं, म्हणून तासाभरानं हिरवा रंग शेवाळी होतो. याउलट लाल लेट्यूस लिंबामुळे अधिक लाल दिसतं. आम्लात अँथोसायनिनचा रंग खुलतो. डब्यात न्यायचं असेल तर बरणी वेगळी न्या.

नायट्रेट, ऑक्झलेट आणि औषधं

अरुगुला, पालक, लेट्यूस यांत नायट्रेट भरपूर असतं. तोंडातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि त्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतो, ज्यामुळे रक्तवाहिन्या सैल होऊन रक्तदाब थोडा उतरतो. जंतुनाशक माउथवॉशनं हे जिवाणू मरतात, म्हणून तो सॅलडच्या आगेमागे वापरू नये. युरोपीय संघानं विक्रीच्या अरुगुलासाठी नायट्रेटची मर्यादा किलोला ६,००० मिलीग्रॅम (उन्हाळी पीक) आणि ७,००० मिलीग्रॅम (हिवाळी पीक) ठेवली आहे. हिवाळ्यात जास्त, कारण उजेड कमी असला की पान नायट्रेट वापरू शकत नाही आणि ते साठत जातं. घरी पानं लावली असतील तर दिवसभर ऊन खाल्ल्यावर, दुपारनंतर तोडा. निरोगी प्रौढानं या नायट्रेटला घाबरायचं कारण नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना मात्र पालकाची किंवा लेट्यूसची पेज देऊ नये, आणि शिजवलेला पालक कोणासाठीही बाहेर तसाच ठेवू नये, कारण त्यात जिवाणू नायट्राइट वाढवतात.

पालक, चार्ड, बीटची पानं आणि घोळ यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. पालकातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम ५ टक्के शोषलं जातं, केलमधलं सुमारे ४० टक्के. तेव्हा कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नका. कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे झालेल्यांनी कच्चा पालक रोज खाऊ नये. रोमेन, अरुगुला, वॉटरक्रेस यांत ऑक्झलेट बरंच कमी असतं. पालक हवाच असेल तर भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावं, आणि सोबत दही किंवा चीज घ्यावं, म्हणजे ऑक्झलेट आतड्यातच कॅल्शियमला चिकटून बाहेर जातं.

वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांची गोष्ट सगळ्यात नाजूक. १०० ग्रॅम पालकात ४८० मायक्रोग्रॅमच्या वर के जीवनसत्त्व असतं, रोमेनमध्ये सुमारे १००, आइसबर्गमध्ये २५च्या आत. एक आठवडा रोज पालक आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं झालं की रक्त गोठण्याचं गणित बिघडतं. पानं सोडायची नाहीत. दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची, आणि प्रमाण बदलायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगून रक्ततपासणी करून घ्यायची.

ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी

दात नसलेल्या किंवा कच्चं पान जड जाणाऱ्या माणसासाठी मिक्सर हा चांगला मार्ग आहे. स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठात पालकावर जे तपासलं गेलं त्यात बराच वेळ शिजवल्यावर ल्युटीन घटलं, आणि कच्चा पालक बारीक वाटून त्यात दुधा-दह्याचा स्निग्धांश घातला तेव्हा ते चांगलं मोकळं झालं. ५० ग्रॅम धुतलेला पालक, १५० मिलिलिटर पूर्ण स्निग्धांशाचं दही, थोडं पाणी, चिमूटभर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. पानाचे तुकडे दिसेनासे होईपर्यंत, साधारण एक मिनिट फिरवा. जास्त वेळ फिरवलं तर मिश्रण तापतं आणि हवा मिसळते, क जीवनसत्त्व त्यात जातं. गाळू नका, चोथ्यातही बरंच रंगद्रव्य उरलेलं असतं. वाटल्यावर लगेच प्यायचं.